दुपारचा डोळा

४ फेब्रुवारी

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि.

डोळे बनवणाऱ्यांच्या संघाच्या मुखपत्राचा अंक काल आला. उघडताच तुमचा फोटो दिसला. गळ्यात पदक, हातात मानपत्र आणि चेहऱ्यावर ते तुमचं नेहमीचं नम्र हसू, दाढ दुखत असताना माणूस हसतो तसलं. अभिनंदन. तुमच्या दादांना दाखवला. त्यांनी साचा घासता घासता मान वर केली, हं म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले. एवढा सविस्तर अभिप्राय त्यांनी अलीकडे कशावरच दिलेला नाही, म्हणून तो पोचता करते.

मग व्याख्यान वाचलं. 'कृत्रिम डोळा जिवंत दिसावा म्हणून मी शोधलेली पद्धत.' त्यातला 'मी' वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. चष्म्याचा दोष नव्हता.

या घरात डोळे रंगवतं कोण, याचा तुम्हाला विसर पडलेला दिसतो. मामंजींनी वर्कशॉप काढलं, आणि त्यांच्या दोन्ही मुलांना हिरवा कोणता नि तपकिरी कोणता हे ओळखता येईना. डोळे बनवणाऱ्याच्या घरी दैवाने केलेली ही थट्टाच. म्हणून संस्कृत शिकून आलेल्या, बाकी कशालाच उपयोगी न पडणाऱ्या सुनेच्या हाती त्यांनी ब्रश दिला. तेव्हापासून तुमचे दादा साचे आणि पांढऱ्या वाट्या करतात, मी बुबुळं रंगवते, तांबड्या रेशमाचे तंतू सोडवून शिरा बसवते आणि तुम्ही मोठ्या शहरात राहून इस्पितळांच्या ऑर्डरी मिळवता. ती पद्धत मी शोधली, तीही मामंजींशी भांडून, आणि मामंजींशी भांडणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या शास्त्रात काकाक्षिगोलक नावाचा न्याय आहे. कावळ्याला म्हणे बुबुळ एकच. ते गरजेप्रमाणे कधी या खोबणीत जातं, कधी त्या. तुमचा 'मी' त्याच जातीचा. कष्टांचा विषय निघाला की तो 'आम्ही'च्या खोबणीत जाऊन बसतो, श्रेयाचा निघाला की लगेच परत.

मुख्य तक्रार अजून राहिलीच. व्याख्यानात तुम्ही माझी पद्धत अर्धीच सांगितली आहे. चोरी करायची तर पुरती तरी करावी. उरलेली अर्धी कोणती ते मी सांगणार नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापून यावी की ही पद्धत वहिनीची. 'वर्कशॉपची' म्हणून पळवाट काढू नये.

लोभ असू द्यावा. श्रेयासारखा तोही एकट्याने ठेवून घेऊ नये.

तुमची
वहिनी

*

१५ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. कावळा आवडला. आपले संस्कृत फुकट गेले असे आपण नेहमी म्हणता, पण मला टोचण्यापुरते ते कायम ताजे असते.

दुरुस्ती छापून येणार नाही. आपले नाव नेमके कुठे लिहायला हवे होते, ते तरी कळवा. बुबुळावर? की पांढऱ्या भागावर, गिऱ्हाइकाने बाजूला पाहिले की वाचता यावे असे? चांगला डोळा तो, जो कोणाला ओळखू येत नाही, हे अप्पांचे, म्हणजे आपल्या मामंजींचे, वाक्य आपणच मला ऐकवत आलात. डोळाच दिसायचा नसेल तर तो रंगवणारी कशी दिसणार? धंदा असाच निवडला आपण.

आता माझे ऐका. पेट्या घेऊन इस्पितळांच्या दारांत उभा कोण राहिला? मागे संघाने वर्कशॉपमधून कोणीतरी बोलायला यावे असे लिहिले होते, तेव्हा आपण कळवलेत की खिडकी सोडून येता येणार नाही. मी गेलो. बोलतो तो वक्ता. खिडकीत बसून राहणाऱ्याने मग टाळ्या ऐकू येत नाहीत म्हणून रडू नये.

'अर्धी पद्धत' म्हणजे तर द्राक्षे आंबट. इतकी वर्षे मी पेट्या न्यायला येतो, तुमचे काम या डोळ्यांनी पाहिले आहे. पाहिले तेच सांगितले. जुलैच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी माझे नाव पुढे आहे. तोवर घरातून असली पत्रे संघाकडे जाऊ नयेत, एवढे तारतम्य दादा तरी बाळगतील.

डावा डोळा महिनाभर ठणकतो आहे, लिहिताना पाणी येते. रडतो आहे असे समजू नये.

दादांना नमस्कार. आपणांसही, नेहमीइतकाच.

आपला
दीर

*

२४ फेब्रुवारी

श्री. भावोजी यांस,
न. वि. वि. 'सप्रेम' सध्या शिल्लक नाही.

तुमचं पत्र तुमच्या दादांना वाचून दाखवलं. या वेळी ते हं सुद्धा म्हणाले नाहीत, म्हणजे चिडले असावेत. किंवा ऐकलं नसावं. इतक्या वर्षांच्या संसारात हा भेद मला कळलेला नाही.

तुमच्या सौभाग्यवतींचा, आमच्या धाकटीचा, मात्र प्रेमळ फोन आला. तिने कुठेसं वाचलंय की कामाचं चीज होत नाही असं वाटलं तर रोज सकाळी आरशापुढे उभं राहून स्वतःचं कौतुक करावं. मी करून पाहिलं. आरशातल्या बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे मला काय सांगतेस, मला ठाऊकच आहे. दुसरा उपाय म्हणजे मन दुसरीकडे गुंतवणं. म्हणून खिडकीतल्या कुंड्या साफ केल्या. त्यांनीही आभार मानले नाहीत.

टाळ्यांसाठी मी रडत नाही, भावोजी. टाळ्या मला नकोच आहेत, कामात अडथळा होतो. पण माझ्या हातातला ब्रश काढून घेऊन तो आपलाच म्हणून मिरवावा, आणि वर मला सांगावं की ब्रश दिसत नाही हाच त्याचा गुण, हे तर्कशास्त्र मला कुठल्याच गुरुजींनी शिकवलं नव्हतं.

आता डोळ्याचं. आधीच काचबिंदू झालेला डोळा ठणकतो आणि तुम्ही अध्यक्षपदाचा विचार करत बसला आहात. आजच्या आज डॉक्टरांकडे जा. भांडण ठेवून देता येतं, काचबिंदू थांबत नाही. हे वहिनी म्हणून लिहीत नाही. डोळे बनवणाऱ्याने गिऱ्हाईक वाढू नये म्हणून लिहिलेलं समजा.

भांडण चालू ठेवून, तब्येतीपुरती तुमची,

वहिनी

*

१० एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न.

मार्चमध्ये डोळा काढावा लागला, ते आपण पाहिलेच. उशीर झाला होता. दुखणे थांबले. आपण इस्पितळात आलात, खाटेच्या पायथ्याशी बसलात आणि एक शब्द टोचून बोलला नाहीत, ते माझ्या लक्षात आहे. दादा माझा हात धरून दोन तास गप्प बसले. त्यांच्यापुरते ते भाषणच झाले.

आता कामाचे. डॉक्टर म्हणतात मेच्या पहिल्या आठवड्यात खोबण तयार होईल. अधिवेशनात मला काळी पट्टी लावून व्यासपीठावर चढायचे नाही. डोळे बनवणाऱ्यांचा अध्यक्ष समुद्री चाच्यासारखा दिसला तर विरोधकांना भाषणाची गरजच उरणार नाही. तेव्हा ही रीतसर ऑर्डर समजावी.

एकच विनंती. डोळा व्याख्यानात सांगितलेल्या पद्धतीनेच व्हावा, अक्षरशः. त्यात घरगुती ढवळाढवळ नको. तिथे सगळे जाणकार बसलेले असतील आणि माझ्या पद्धतीचा नमुना म्हणून ते माझ्याकडेच पाहतील.

सकाळच्या गाडीने येईन, जेवायच्या आत निघेन.

आज्ञेतला,
पण गिऱ्हाईकही असलेला
दीर

*

१२ मे

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि. गिऱ्हाइकाला 'सप्रेम' लिहायचा वर्कशॉपचा रिवाज आहे.

सोबत डोळा. कापसातून काढताना बोटं कोरडी असावीत, हे तुम्हीच लोकांना सांगत आलात.

ऑर्डरीप्रमाणे अक्षरशः केला आहे. मुखपत्राचा अंक समोर उघडून ठेवला होता. तुम्ही लिहिलं आहे की रुग्णाने रात्रभर विश्रांती घेऊन सकाळी बसावं, डोकं टेकून स्थिर ठेवावं, बोलू नये, आणि प्रखर दिव्याखाली उरलेल्या डोळ्याची हुबेहूब नक्कल करावी. तुम्ही विश्रांती घेऊन आलात, स्थिर बसलात आणि आश्चर्य म्हणजे बोललाही नाहीत. मी दिवा लावला. जे दिसलं ते रंगवलं. नक्कल हुबेहूब आहे, याची मी हमी देते. पद्धतीची हमी पद्धतकारांनी द्यावी.

तुमच्या दादांनी वाटी अप्रतिम केली आहे. पॉलिश करून झाल्यावर त्यांनी डोळा तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाले नाहीत, पण या वेळी मला अर्थ कळला.

वापरून पाहून कळवावं. गिऱ्हाइकाचा संतोष हाच आमचा, वगैरे.

वहिनी

*

१९ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

डोळा बसवला. उत्तम. आरशात अर्धा तास पाहिले, कुठला माझा नि कुठला तुमचा हे मलाच सांगता येईना. पद्धतीत काही अर्धे नव्हते हे आपणही आता मान्य करावे. भांडण मी मोठ्या मनाने विसरलो आहे.

घाईत,
दीर

*

८ जून

प्रिय जाऊबाई,
साष्टांग नमस्कार.

यांना कळू न देता लिहिते आहे. काय करावं सुचत नाही, आणि हसूही येतं, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

डोळा सकाळी चांगला दिसतो. तोंड धुऊन बाहेर येतात तेव्हा मी म्हणते, झकास. पण जेवणं झाली की यांचा स्वतःचा डोळा थकतो, जड होतो, बारीक होतो आणि तो दुसरा तसाच टक्क जागा. अर्धा माणूस झोपाळलेला आणि अर्ध्याला नुकतीच लॉटरी लागलेली. आणि रंग, ताई. घरात दिव्याखाली ठीक दिसतो. बाहेर उन्हात यांचा डोळा हिरवट आणि तो दुसरा नुसता तपकिरी. यांना ते दिसत नाही. मी सांगितलं तर म्हणतात, तुझीच नजर वाईट.

परवा इस्पितळातली एक परिचारिका यांच्याशी बोलताना सारखी मागे वळून पाहत होती. हा डोळा एवढं काय बघतोय, ते तिला बघायचं होतं. दुपारी एक पुरवठादार आला, तो घाबरून दर कमी करून गेला, तेवढा एक फायदा. पण आता हे दुपारनंतर बाहेर पडत नाहीत. काळा चष्मा लावून घरात बसतात आणि मला दिवा मालवायला सांगतात. कालच्या पत्रात संघाच्या कुणीतरी विचारलंय, की अधिवेशनात तुमच्या पद्धतीचा डोळा आम्हाला जवळून पाहायला मिळेल ना. ते वाचल्यापासून जेवलेले नाहीत.

तुमचं भांडण मला माहीत आहे आणि माझ्या नवऱ्याची बाजू घ्यावी असं त्यात मला काही सापडलं नाही. पण नवरा माझा आहे. मार्ग काढा.

तुमची
धाकटी

*

१४ जून

श्री. भावोजी यांस,
न. वि. वि.

धाकटीने लिहिलं म्हणून तिच्यावर ओरडू नये. डोळ्याची तक्रार तुम्ही स्वतः केली नाहीत, याचं मला नवल वाटलं नाही. तक्रार करायची कुणाकडे? पद्धत तुमचीच.

उरलेली अर्धी आता सांगते, म्हणजे निदान तुमची अडचण तरी कळेल. जिवंत डोळा दिवसभर बदलत राहतो. आपला बदलत नाही. म्हणून सकाळच्या ताज्या डोळ्याची नक्कल केली तर ती दिवसातून एकदाच जुळते, तीही बायकोपुरती. माझ्याकडे माणूस सकाळी येतो तेव्हा मी फक्त मापं घेते, बुबुळाच्या चकत्या निवडते, कधी दिवा लावून शिरा बघते. रंगाला हात लावत नाही, दिव्याखाली हिरवाही तपकिरीच दिसतो. जेवण झाल्यावर त्याला खिडकीच्या उजेडात बसवते आणि बोलायला लावते, तो कंटाळेपर्यंत, आपल्याकडे कुणी पाहतंय हे विसरेपर्यंत. माणूस आयुष्यातला जास्तीत जास्त वेळ ज्या डोळ्याने वावरतो तो तेव्हा दिसतो. तो दुपारचा डोळा मी रंगवते.

हे तुम्ही कधी पाहिलंच नाहीत. इतकी वर्षं सकाळच्या गाडीने यायचे आणि जेवायच्या आत पेट्या घेऊन जायचे. पाहिलं तेच सांगितलं, असं तुम्ही लिहिलंत, ते अगदी खरं.

तुम्ही अक्षरशः मागितलंत, मी अक्षरशः दिलं. त्यात मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण धाकटीचं पत्र वाचून तो ओसरला.

नवा डोळा करून देते. दुपारी यावं लागेल. आणि अधिवेशनात, अध्यक्षपदाच्या मतदानाच्या आधी, तीन वाक्यं बोलावी लागतील: ही पद्धत माझी नाही. ती माझ्या वहिनीची आहे. मी ती अर्धीच पाहिली होती. तीनही. भाषणाच्या ओघात गिळायची नाहीत.

हे मान्य नसेल तर काळा चष्मा तुम्हाला शोभतो, असं धाकटी म्हणते.

वहिनी

*

२१ जून

वहिनीस,
नमस्कार.

हा छळ आहे आणि त्याला आपण कला म्हणता. आजारी माणसाच्या खोबणीत विनोद बसवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पहिली दोन वाक्ये बोलेन. तिसरे कशाला? त्याने मी मूर्ख ठरतो. दोन वाक्यांत आपले श्रेय पुरेपूर मिळते, तिसऱ्यात फक्त माझे नाक कापले जाते. एवढे तरी सोडा.

दीर

*

२५ जून

श्री. भावोजी यांस,
न. वि. वि.

दोन वाक्यांना दोनतृतीयांश डोळा. बुबुळ येईल, शिरा येतील, चमक येणार नाही. चालेल का ते कळवा.

वहिनी

*

६ जुलै

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि.

सोबत डोळा. हा पूर्ण आहे. तीनही वाक्यं बोलण्याचं तुम्ही बसायला आलात त्या दुपारी निघताना दारात कबूल केलंत, आणि तुमच्या दादांनी ते ऐकलं आहे. ते साक्षीदार म्हणून उत्तम. उलटतपासणीत त्यांच्याकडून कुणालाच काही मिळणार नाही.

त्या दुपारबद्दल थोडं. तुम्हाला बोलायला लावणं सोपं नव्हतं. आधी तुम्ही संघाच्या राजकारणावर बोललात, तेव्हा तुमचा डोळा नुसता चकाकत होता. असल्या डोळ्याचा मला उपयोग नाही. मग कंटाळलात आणि पेट्यांवर आलात. इस्पितळांच्या त्या लांबलचक वऱ्हांड्यांत कारकुनाने उद्या या म्हणायचं, उद्या गेलं की साहेब नाहीत म्हणायचं. पंख्याखालची खुर्ची डॉक्टरांच्या ओळखीच्यांना, तुम्हाला जिन्यातली पायरी. आणि दमून घरी आलात की मामंजी आधी पेटी उघडून डोळे सुखरूप आहेत ना ते पाहायचे, मग तुमच्याकडे पाहायचे. कधी कधी पाहायचेही नाहीत, असं तुम्ही म्हणालात.

मी तेव्हा रंगवत होते. तोच डोळा यात आहे.

यावरून आपला समेट झाला असं समजू नये. तुमच्या कष्टांची कुणी दखल घेतली नाही, म्हणून तुम्ही माझ्या कष्टांवर आपलं नाव घातलंत. ज्याला अंधारात बसवलं त्याने उठून शेजारणीचा दिवा पळवावा, तसं. तुम्हालाही दिवा हवा होता हे मला आता पटलं आहे. दिवा तरीही माझाच.

उन्हात उभं राहून धाकटीला पाहायला सांगा. तुम्ही पाहून उपयोग नाही.

वहिनी

*

२३ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

अधिवेशन झाले. जसे घडले तसे लिहितो. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरे.

मतदानाच्या आधी उठलो. तीनही वाक्ये बोललो. तिसरे जरा हळू आवाजात निघाले, मागच्यांनी पुन्हा म्हणायला लावले, म्हणजे ते दोनदा झाले. मग मावळत्या अध्यक्षांनी टाळी वाजवली आणि सगळे उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले की घरातल्या बाईला श्रेय देण्याएवढे मोठे मन या धंद्यात त्यांनी आजवर पाहिले नव्हते. मग मोठ्या मनावर आणखी दोघे बोलले. मी बिनविरोध निवडून आलो.

आपल्याबद्दल कोणी काही विचारले नाही. मी टाळ्या अडवल्या नाहीत. खरे सांगायचे तर अडवाव्यात असे तेव्हा वाटलेही नाही. कोणी माझ्यासाठी उभे राहण्याची ती पहिलीच वेळ. जिना उतरताना लाज वाटली. फार नव्हे, पण वाटली.

डोळ्याबद्दल. दिवसभर पन्नास जाणकारांत वावरलो आणि संध्याकाळी चहाच्या वेळी एकाने विचारले की नमुन्याचा डोळा आणणार होता तो कुठे आहे. मी म्हणालो, बसवलेला आहे. त्याने वाकून बराच वेळ पाहिले आणि माझ्या खऱ्या डोळ्याची स्तुती केली.

एक काम आहे. सगळे उरलेल्या अर्ध्याबद्दल विचारत आहेत. आपण पत्रात सांगितलेत ते मला पुरते सांगता येईना. कोणती चकती, बोलण्यात माणूस विसरला हे कशावरून ओळखायचे, असे विचारले की मी अडतो. पुढच्या सभेत अध्यक्षीय व्याख्यान याच विषयावर जाहीर झाले आहे. आपण सविस्तर टिपण लिहून पाठवावे, मी वाचून दाखवीन. सुरुवातीला आपला उल्लेख करीन.

कृपा ठेवावी, असे लिहिण्याचा हक्क उरला असल्यास.

दीर

*

३० जुलै

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून ब्रश खाली ठेवला, हात धुतले आणि तुमच्या दादांना सांगितलं की तुमचा भाऊ माझं श्रेय मला देऊनही स्वतःच घेऊन आला. तुमचे दादा हसले. आवाज करून. लग्नात हसले होते त्यानंतर मी हे प्रथमच ऐकलं.

मी हसले नाही. दिवसभर घर झाडलं. तुम्ही खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, तुम्हाला नावं ठेवता आली असती. तुम्ही खरं बोललात, दोनदा बोललात, आणि खऱ्याच्याच टाळ्या तुम्हाला मिळाल्या. आता दोष कुणाला देऊ? त्या पन्नास जणांना? त्यांनी मला पाहिलेलंच नाही. त्यात माझाही हात आहे: संघाने बोलावलं तेव्हा खिडकी सोडवत नाही म्हणून मीच कळवलं होतं, आणि ते तुम्ही मला फेब्रुवारीत ऐकवलंत. तेव्हा झोंबलं. अजून झोंबतं. पण खोटं नाही.

टिपण मिळणार नाही. ज्याला हिरवा दिसत नाही त्याने वाचून दाखवलेला रंग ऐकणाऱ्यांना कसा दिसणार?

संघाच्या चिटणीसांना मी परस्पर फोन केला आहे. पुढच्या सभेतलं व्याख्यान मी देईन. ते म्हणतात अध्यक्षांची संमती लागेल. अध्यक्षांना कळवते की त्यांचा डोळा वर्षातून एकदा पॉलिशला काढावा लागतो, आणि पॉलिश करणारं घर त्यांना ठाऊक आहे.

व्याख्यान नुसतं तोंडी करून भागणार नाही, करूनच दाखवावं लागेल. त्याला माणूस हवा. तुम्ही सकाळी व्यासपीठावर खुर्चीत येऊन बसाल. जेवणानंतर पुन्हा बसाल, खिडकीजवळ, उजेडाकडे तोंड करून. पन्नास जण जवळ येतील, वाकतील आणि तुमच्याकडे पाहतील, हवा तेवढा वेळ. कुणी आधी पेटी उघडणार नाही. वऱ्हांड्यांची हकीकत तेव्हा पुन्हा सांगा, सगळी. कारकुनाची आणि मामंजींचीही. काम तुमचं एवढंच. त्यातलं काय पाहायचं आणि कसं रंगवायचं, ते त्यांना मी सांगेन.

खिडकी उत्तरेची असलेला हॉल ठरवावा. जेवायच्या आत परत निघायचं नाही.

लोभ आहे तेवढाच राहू द्यावा. वाढवलात तर मला संशय येईल.

वहिनी